बदलण्यापूर्वीं मोजा

अलीकडे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत छोटीं ड्रोन-विमानें स्वतः जुळविण्याचा छंद बराच वाढला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तयार खेळणें विकत घेऊन उडविण्यापेक्षां चार मोटारी, एक बॅटरी, एक नियंत्रक-पट्टी आणि कांहीं सेन्सर आणून त्यांतून विमान उभें करणें हें केव्हांही अधिक शिक्षणाचें काम आहे. परंतु या छंदाबरोबर एक वाईट खोडही शिरूं पाहत आहे, व तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. विमानांतील एखादा भाग जळाला कीं तो कां जळाला याची चौकशी करावयाची नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंतून दुसरा आणावयाचा, डाग देऊन बसवावयाचा आणि विमान पुन्हां उडवावयाचें, अशी ही खोड आहे. सेन्सरांच्या बाबतींतही तोच प्रकार. किती सेन्सर बसविले यावर विमानाची योग्यता ठरते. ते कोणत्या प्रश्नाचें उत्तर देणार, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही दोष मुळांत एकच आहेत. हिशेब न मांडणें हें त्यांचें खरें नांव.

प्रथम जळणाऱ्या भागाचा विचार करूं. लिथियम बॅटरीचा एक घट पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट दाब देतो. म्हणजे तीन घटांची बॅटरी १२.६ व्होल्ट देते. मोटारींस हा दाब चालतो. परंतु नियंत्रक-पट्टी व सेन्सर यांस ५ किंवा ३.३ व्होल्टच हवे असतात. हा दाब उतरवून स्थिर ठेवणारा जो भाग, त्यास रेग्युलेटर म्हणतात. याच्या दोन जाती आहेत. पहिली जात जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपानें जाळून टाकते. दुसरी प्रवाह अतिवेगानें चालूबंद करून दाब उतरविते व फारसें कांहीं जाळीत नाहीं. पहिल्या जातीचा हिशेब साधा आहे. १२.६ मधून ५ वजा केले कीं ७.६ व्होल्ट उरतात. अर्धा अँपिअर प्रवाह घेतला, तर ३.८ वॅट केवळ उष्णतेंत जातात आणि उपयोगाचे २.५ वॅट मिळतात. पाठीस धातूचा पत्रा नसलेल्या ७८०५ जातीच्या रेग्युलेटरचें तापमान दर वॅटमागें सुमारें ६५ अंश सेल्सिअसनें चढतें. एवढा भार त्यास सोसणारा नाहीं. तो तापून स्वतःस बंद करून घेईल आणि आकाशांतील विमान दगडाप्रमाणें खालीं येईल. म्हणून १२ वरून ५ पर्यंतची मोठी उतरण दुसऱ्या जातीकडे द्यावी, आणि ५ वरून ३.३ ची लहान उतरण पहिल्या जातीकडे ठेवावी. तेथें प्रवाह थोडा असतो, उष्णता नाममात्र होते, व नाजूक सेन्सरांस स्वच्छ वीज मिळते.

पण हिशेब जमूनही रेग्युलेटर जळतो, असें कोणी म्हणेल. खरें आहे, कारण कारणें अनेक आहेत. बॅटरी जोडण्याच्या क्षणीं लांब तारा व लहान सिरॅमिक कपॅसिटर यांच्या परस्पर क्रियेनें दाब क्षणभर उसळून जवळजवळ दुप्पट होऊं शकतो. ज्या रेग्युलेटरची सहनमर्यादा १८ किंवा २० व्होल्ट आहे, तो १२.६ व्होल्टच्या बॅटरीवर अशा एका उसळीनेंच निकामी होतो. मोटारी एकाएकीं मंद केल्या असतां त्यांची शक्ति उलट तारांत शिरते व दाब चढविते. बॅटरीच्या तारा जेथें जोडल्या असतात तेथेंच ४७० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्टचा एक चांगला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसविला, तर या दोन्ही उपद्रवांस पुष्कळ आळा बसतो. तिसरें कारण सांगाड्याचें. कार्बन-तंतूंचा सांगाडा विजेचा वाहक असतो, हें विद्यार्थी विसरतात. सोललेली तार त्यास टेकली कीं काम आटोपलें. चौथें कारण भाराचें. नियंत्रक-पट्टीवरील रेग्युलेटर १ अँपिअरचा आहे असें समजूं. शोभेसाठीं १६ रंगीत दिव्यांची पट्टी लावली, आणि प्रत्येक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशांत ६० मिलिअँपिअरपर्यंत घेऊं लागला, तर दिवेच ९६० मिलिअँपिअर खाऊन बसतात. दोष मात्र नव्या सेन्सरवर येतो, आणि तो बिचारा १५-२० मिलिअँपिअरहून अधिक मागत नसतो!

यासाठीं आमचें सांगणें असें कीं, जळालेला भाग हा गुन्हेगार न समजतां साक्षीदार समजावा, आणि त्याची साक्ष घेतल्यावांचून त्यास टाकून देऊं नये. साक्ष घेण्याची रीतही अवघड नाहीं. पंखे काढून ठेवावे. हा नियम कधींही मोडूं नये. बॅटरी काढावी, सर्व सेन्सर सोडवावे, आणि ५ व्होल्टची तार व ऋण तार यांमधील रोध मल्टिमीटरनें मोजावा. तो शून्याजवळ असेल, तर दोष पट्टीवरच आहे. नसेल, तर एक-एक सेन्सर जोडीत पुन्हां मोजावें. ज्याच्या जोडण्यानें रोध कोसळेल, तो दोषी. मग नवा रेग्युलेटर बसवून बॅटरीच्या वाटेंत मोटारगाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा ओळीनें जोडावा. दिवा क्षणभर चमकून विझला, तर बहुधा ठीक. पेटलेलाच राहिला, तर बॅटरी तत्काळ सोडवावी. दिव्यामुळें प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपासच अडतो व दुसरा रेग्युलेटर बहुधा वांचतो. शेवटीं दिवा काढून, सर्व सेन्सर व दिवे चालू असतां ५ व ३.३ व्होल्टच्या तारांवरील दाब मोजून वहींत लिहावा. ३.३ व्होल्टच्या साध्या रेग्युलेटरांस आपल्याहून सुमारें १.१ ते १.३ व्होल्ट अधिक दाब लागतो. ५ चे ४.४ झाले, कीं नियंत्रक मध्येंच नव्यानें सुरू होतो, व विद्यार्थी म्हणतो, 'सेन्सर बिघडला.'

यावर एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतों. रेग्युलेटर थोड्या रुपयांस मिळतो. त्याच्यासाठीं एवढी यातायात कशास? वेळाची किंमत कांहीं नाहीं काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु रेग्युलेटर जळतांना पुष्कळदां आंतून जुळून जातो, व १२ व्होल्ट थेट ३.३ च्या सेन्सरांवर पडतात. तेव्हां स्वस्त भागाबरोबर महाग भागही जातात, आणि ते पालकांच्या खिशांतून येतात. शिवाय, विमान मैदानावरून उडतें व मैदानांत लहान मुलें असतात. हवेंत नियंत्रक बंद पडला, तर फिरते पंखे कोणाच्या डोळ्यावर पडतील हें कोणी सांगावें? लिथियम बॅटरी चेंगरली किंवा तिच्या तारा एकमेकींस भिडल्या, तर आगही लागते. थोड्या रुपयांचा प्रश्न येथें संपतो.

आतां सेन्सरांकडे वळूं. ज्यास जो प्रश्न विचारावयाचा, तोच सेन्सर घ्यावा. विमान कलतें आहे कीं काय, हा पहिला प्रश्न. त्याचें उत्तर जायरोस्कोप व त्वरणमापक देतात, आणि यांवांचून चालत नाहीं. एमपीयू-६०५० हा जुना व स्वस्त. आज बीएमआय २७० किंवा आयसीएम-४२६८८ यांसारखे अधिक वेगवान मिळतात. पण कोणताही घेतला तरी मोटारींचा कंप त्यास फसवितो, म्हणून पट्टीखालीं रबरी गादी हवी. उंची किती, हा दुसरा प्रश्न. हवेचा दाब दर मीटरास सुमारें १२ पास्कलनें बदलतो, आणि बीएमपी २८० ची सापेक्ष अचूकता तेवढीच, म्हणजे सुमारें एक मीटर. त्याच्या भरंवशावर टेबलावर विमान उतरवूं पाहणें व्यर्थ होय. पंख्यांचा वारा लागूं नये म्हणून त्यावर सच्छिद्र स्पंजाचा तुकडाही ठेवावा लागतो. जमिनीजवळचें अंतर हवें असेल, तर ध्वनीचा एचसी-एसआर०४ दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत मोजतो. पण तो उत्तर ५ व्होल्टनें देतो, आणि ३.३ व्होल्टच्या नियंत्रकास तें अपायकारक होऊं शकतें. दोन रोधकांनीं तो दाब आधीं उतरवावा. प्रकाशाचा व्हीएल५३एल०एक्स लहान व हलका. परंतु त्याची मजल दोन मीटरांची, व आमच्या मे महिन्याच्या उन्हांत तीही घटते.

दिशा दाखविणाऱ्या होकायंत्राची गोष्ट तर हिशेबाच्या अभावाचें उत्तम उदाहरण आहे. २० अँपिअर वाहणाऱ्या एकट्या तारेपासून १० सेंटिमीटरवर सुमारें ४० मायक्रोटेस्ला चुंबकत्व उत्पन्न होतें. महाराष्ट्रांत पृथ्वीचें आडवें चुंबकत्व जवळपास तेवढेंच आहे! मग बॅटरीच्या तारेशेजारीं चिकटविलेलें होकायंत्र खरें कसें बोलणार? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होत असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसतांच हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथील वेधशाळा १९०४ सालीं सुरू झाली, १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मोजमापें घेऊन मेळ पाहिला गेला, आणि मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवली. संकट येण्याआधींच हिशेब झाला होता, व जुनें सोडण्यापूर्वीं नव्याशीं ताडून पाहिलें होतें. विमानांतही हेंच करावें. होकायंत्र उंच दांडीवर न्यावें, आणि बॅटरीच्या जाणाऱ्या व येणाऱ्या तारा एकमेकींस पीळ घालून बसवाव्या, म्हणजे त्यांचा परिणाम बराच मारला जातो.

सारांश, शाळांतील छंदमंडळांस आमची सूचना अशी. प्रत्येक विमानाची एक वही असावी. तींत प्रत्येक भाग, त्याचा दाब व त्याचा प्रवाह लिहून शेवटीं बेरीज करावी. रेग्युलेटरच्या शक्तीच्या दोन-तृतीयांशाहून बेरीज वर गेली, तर नवा सेन्सर बसविण्याची परवानगी देऊं नये. आणि ज्या विमानाचा रेग्युलेटर जळाला, तें कारण वहींत लिहिलें जाईपर्यंत उडूं नये, मग स्नेहसंमेलन उद्यां असो वा आज. हा दंडक कांहींस कठोर वाटेल, परंतु याहून सौम्य दंडक मुलांच्या उत्साहापुढें टिकत नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें आणखी एका सेन्सरसाठीं पैसे मागितले, तर आधीं त्याच्यापाशीं मल्टिमीटर आहे कीं नाहीं तें विचारावें. नसेल तर तो प्रथम घेऊन द्यावा. सेन्सर विमानास जग दाखवितो. मल्टिमीटर मुलास विमान दाखवितो, आणि या वयांत दुसऱ्या गोष्टीची गरज अधिक आहे.