लंडन की एडिनबरो? आधी वर्षं मोजा!

माझ्या मावसबहिणीच्या मेलबॉक्समध्ये सध्या दोन ऑफर लेटर्स आहेत. एक युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचं, म्हणजे यूसीएलचं आणि दुसरं एडिनबरो विद्यापीठाचं. विषय एकच, न्यूरोसायन्स. रोज रात्री जेवणं झाली की घरात दोन पक्ष पडतात. मावशी लंडनच्या बाजूने, कारण तिथे ओळखीची चार माणसं आहेत. काका एडिनबरोच्या बाजूने, कारण लंडन महाग. आजीने मात्र वाद केव्हाच संपवलाय. नात मेंदूची डॉक्टर होणार, असं तिने अख्ख्या सोसायटीत सांगून टाकलंय.

तर पहिल्यांदा आजीचा मुद्दा. तुमच्याही घरी हा गोंधळ असेल तर तो आजच मिटवा. न्यूरोसायन्सची पदवी घेऊन न्यूरोलॉजिस्ट होता येत नाही. आपल्याकडे त्यासाठी एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम असा लांबचा रस्ता आहे. ही पदवी मेंदू कसा चालतो ते शोधणाऱ्यांची. लॅब, डेटा, प्रयोग आणि बहुतेक वेळा पुढे मास्टर्स किंवा पीएचडी. म्हणजे तीन-चार वर्षांचा खर्च करून हातात येणार ते पुढच्या शिक्षणाचं तिकीट. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा.

मग येतं रँकिंग. क्यूएसच्या 2026 च्या यादीत यूसीएल नववं, एडिनबरो चौतिसावं. मावशीच्या मते इथेच निकाल लागला. पण ही यादी अख्ख्या विद्यापीठाची असते, तुमच्या वर्गाची नाही. या विषयात दोन्हीकडे कसली माणसं आहेत बघा. यूसीएलच्या जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये हिप्पोकॅम्पसमधल्या 'प्लेस सेल्स' शोधल्या. आपण कुठे आहोत याचा नकाशा मेंदूत ठेवणाऱ्या या पेशींसाठी त्यांना 2014 चं नोबेल विभागून मिळालं. तिथल्याच एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये दाखवलं की, लंडनचे रस्ते पाठ करणाऱ्या टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पस मागच्या बाजूला इतरांपेक्षा मोठा असतो. एडिनबरोकडे आहेत रिचर्ड मॉरिस. गढूळ पाण्यात लपवलेला प्लॅटफॉर्म उंदराने शोधायचा, हा त्यांचा 'वॉटर मेझ' जगभरातल्या लॅबमध्ये वापरतात. आणि गंमत म्हणजे, हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या उंदरांना ही वाट सापडत नाही हे सांगणाऱ्या 'नेचर'मधल्या 1982 च्या पेपरवर मॉरिस आणि ओकीफ दोघांचीही नावं आहेत! तेव्हा नावांवरून भांडण्यात अर्थ नाही.

खरा फरक आहे तो पदवीच्या लांबीत. यूसीएलची बीएस्सी तीन वर्षांची. पहिल्या दिवसापासून तुम्ही न्यूरोसायन्सचेच. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची. एडिनबरोत सुरुवातीच्या वर्षांत बायोमेडिकल सायन्सचा पाया सगळ्यांबरोबर शिकायचा, जोडीला दुसऱ्या विभागातले काही विषयही घेता येतात. न्यूरोसायन्समध्ये पूर्ण शिरायचं ते नंतर.

आता इथे माझा स्वार्थ आहे, तो सांगून टाकते. मी बारावी सायन्स. एफवायबीएस्सीला वर्षभर घालवलं, मग लक्षात आलं की प्रॅक्टिकलपेक्षा मला प्रॅक्टिकलच्या गमतीजमती लिहून काढायला जास्त आवडतंय. मास कॉमला आले तेव्हा ते वर्ष सरळ पाण्यात गेलं. त्यामुळे 'आधी थोडं सगळं चाखा, मग ठरवा' म्हणणारी पदवी मला जास्त माणसाळलेली वाटते. बहिणीचं म्हणणं वेगळं. ती नववीपासून मेंदूवरच वाचतेय, तिला चाखायचं नाहीये, पंगतीलाच बसायचंय. अशा मुलीला ते एक वर्ष जास्तीचं ओझंही वाटू शकतं.

ओझं पैशांचंही आहे. 'लंडन महाग' हे काकांचं वाक्य खरं आहे, पण अर्धंच. स्टुडंट व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. लंडनसाठी महिन्याला 1,529 पौंड, बाहेर 1,171 पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. नऊने गुणा, लंडनचं वर्ष 13,761 पौंडांचं, एडिनबरोचं 10,539 चं. आता पदवीच्या वर्षांनी गुणा. लंडनची तीन वर्षं 41,283 आणि एडिनबरोची चार वर्षं 42,156! प्रत्यक्ष खर्च वेगळा असेल, हा सरकारी मापदंड आहे. पण स्वस्त शहर चौथ्या वर्षात महागाला गाठतं, एवढं यातून कळतं. वर चौथ्या वर्षाची फी आणि वर्षाला 776 पौंडांचा हेल्थ सरचार्ज. आधार म्हणून स्कॉलरशिप शोधायला जाल तर तिथेही निराशाच जास्त. चेव्हनिंग मास्टर्ससाठी, आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. बारावीनंतर जाणाऱ्याला बहुतेक वेळा घरचेच पैसे किंवा कर्ज.

आणि कर्ज म्हटलं की प्रश्न येतो, तिथे नोकरी मिळेल का? इथे एजंटांच्या पोस्टर्सवर विश्वास ठेवू नका. 'शिक्षणानंतर दोन वर्षं वर्क व्हिसा' ही ओळ आता जुनी झाली. 1 जानेवारी 2027 पासून ग्रॅज्युएट रूटसाठी अर्ज करणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांना 18 महिनेच मिळणार. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं कायम. या सप्टेंबरमध्ये जाणारी मुलगी लंडनहून 2029 ला पास होईल, एडिनबरोहून 2030 ला. म्हणजे दोन्हीकडे 18 महिनेच. त्यानंतर थांबायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, ज्यासाठी वर्षाला 41,700 पौंडांचा पगार लागतो, नवख्यांना सवलतीने 33,400. नुसत्या बीएस्सीवर हे गणित बसवणं अवघड आहे. कर्ज फेडायची सगळी मदार त्या 18 महिन्यांवर असेल, तर माझ्या मते दोन्ही ऑफर्स पुन्हा तपासायला हव्यात.

इंग्लंडने 2028 पासून परदेशी विद्यार्थ्यांमागे विद्यापीठांवर 925 पौंडांची लेव्हीही जाहीर केलीये. ती विद्यापीठाने भरायची आहे, पण ती शेवटी कुणाच्या फीमधून येईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. स्कॉटलंड त्यात नाही.

एक तांत्रिक गोष्ट, जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. यूकासवर एक ऑफर 'फर्म' आणि दुसरी 'इन्शुरन्स' म्हणून स्वीकारायची असते. फर्मच्या अटी पूर्ण झाल्या की जागा तिथेच पक्की. ऑगस्टमध्ये मन बदललं म्हणून आपोआप इन्शुरन्सकडे उडी मारता येत नाही. आणि दोन्हींच्या मार्कांची अट सारखीच असेल तर तो इन्शुरन्स फक्त नावाचा.

बहिणीने काल दोन्ही विभागांना एकच मेल पाठवलाय. रँकिंगबद्दल एक शब्द नाही. शेवटच्या वर्षाचा रिसर्च प्रोजेक्ट कसा वाटला जातो, प्रत्यक्ष लॅबमध्ये किती आठवडे मिळतात आणि उन्हाळी सुट्टीत बॅचलर्सच्या मुलांना लॅबमध्ये घेतात का, एवढंच विचारलंय. तोवर मावशीने तिच्यासाठी जाड स्वेटर विणायला घेतलाय. दोन्हीकडे चालेल म्हणाली.