जिताड्यासाठी तीन आमिषं पुरेत

गणपती गेले, पाऊस ओसरला, की खाडीचं गढूळ पाणी थोडं बसायला लागतं आणि डोंबिवलीतल्या गळवाल्यांचे फोन सुरू होतात. जिताडा लागतोय का? कुठे लागतोय? आणि नव्या माणसाचा हमखास प्रश्न: लुअर कुठली घेऊ? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा पंधरा-वीस लुअरची, म्हणजे नकली आमिषांची, यादी आधीच तयार असते. ती यादी बाजूला ठेवा. तीन घ्या: शिशाच्या डोक्यावर लावायचा रबरी मासा, वरच्या पाण्यात पोहणारा कडक प्लॅस्टिकचा मिनो आणि जाड पत्र्याचा चमचा. काठावरून जिताडा धरायला एवढं सामान पुरतं. आणखी घेतलं तर नुकसान फक्त पैशांचं होत नाही. आमिषं बदलण्यात भरतीचा तास निघून जातो.

याचं कारण जिताड्याच्या स्वभावात आहे. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी, तोच हा मासा. सुरमईसारखा तो भक्ष्याच्या मागे मैलभर पळत नाही. खांब, दगड, तिवरांची मुळं, पाण्याच्या वळणाची कड अशा आडोशाला दबा धरून बसतो. प्रवाहाबरोबर कोळंबी किंवा बोईट समोर आलं की मोठं तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. त्यामुळे तुमचं आमिष किती सुंदर आहे यापेक्षा ते त्याच्या तोंडासमोरून, त्याच्या खोलीवरून आणि त्याला झेपेल अशा वेगाने गेलं की नाही, यावर सगळं ठरतं. जिताड्याच्या बाबतीत खोल्या तीनच धरायच्या: तळ, मधलं पाणी आणि वरचा हात-दोन हाताचा थर. वर सांगितलेली तीन आमिषं त्या तीन ठिकाणी नीट पोहोचतात.

रंगाचा घोळ तर आपल्या खाडीत घालूच नये. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत डोंबिवलीच्या पश्चिमेला येते तोवर ती पूर्ण खाडी झालेली असते. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं आणि तळाचा गाळ सतत ढवळत राहतो. मोठागावच्या रेतीबंदरावर उभं राहून पाण्यात हात घाला, कोपर बुडायच्या आत बोटं दिसेनाशी होतात. अशा पाण्यात जिताडा अंगावरच्या बाजूच्या रेषेने हालचाल टिपतो. डोळेही त्याचे कमी उजेडासाठी बनलेले आहेत, रात्री विजेरीचा झोत पडला तर ते तांबूस चमकतात. त्याला दिसते ती आकृती आणि जाणवतो तो पाण्यातला थरथराट. म्हणून माझ्या मते रबरी मासे दोनच रंगांचे ठेवावेत, पाणी जरा निवळलेलं असेल तेव्हा मोतिया पांढरा आणि गढूळ पाण्याला किंवा तिन्हीसांजेला गडद.

तिघांतलं एकच घ्यायचं म्हटलं तर रबरी मासा घ्या. चार इंच लांबीचा, शेपटीला आडवी चकती असलेला. ती चकती हळू ओढलं तरी हलते, आणि तिची हलण्याची धपधप जिताड्यापर्यंत पोहोचते. सोबत १०, १५ आणि २० ग्रॅमची शिशाची डोकी, गळ जाड तारेचा. भांगाच्या भरतीला प्रवाह मंद असतो तेव्हा १० ग्रॅम पुरतं. उधाणाला, जेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तेव्हा तेच आमिष तळाला लागण्याआधी प्रवाह पळवून नेतो आणि २० ग्रॅम लावावंच लागतं. मासा तोच, डोकं बदललं की खोली बदलली. दुसऱ्या कुठल्याही आमिषात ही सोय इतक्या स्वस्तात मिळत नाही.

रबरी मासा गळात ओवताना घाई करू नका. आधी शिशाचं डोकं रबरी माशाच्या नाकाशी धरा आणि गळ त्याच्या अंगालगत ठेवून बघा. गळाचा बाक जिथे संपतो तिथे पाठीवर नखाने खूण करा. मग टोक नाकाच्या मधोमध घुसवून सरळ आत न्या आणि त्या खुणेवर पाठीतून बाहेर काढा. रबर कुठे गोळा झालं असेल, मासा जराही वाकडा बसला असेल, तर काढून पुन्हा ओवा. वाकडा मासा पाण्यात गिरक्या घेतो, दोरी पिळते आणि शेपटी हलायची थांबते. फेकण्याआधी पायाशी पाण्यात हातभर ओढून बघायचं, शेपटी डावी-उजवी मारतेय ना. फेकल्यावर दोरी सुटू द्यायची. ती एकदम ढिली पडली की तळ लागला. मग रिळाचे तीन-चार सावकाश फेरे, थांबायचं, परत बुडू द्यायचं. जिताड्याचा घास बहुधा आमिष बुडत असताना येतो, म्हणून त्या वेळी दोरी पूर्ण सैल सोडू नये, तर्जनीवर हलकी टेकलेली असावी. हातात एकच जाड ‘टक्’ लागतो.

मिनोचं काम वेगळं. भरती पूर्ण चढून तिवरांच्या मुळांत पाणी शिरलं की जिताडा बोइटांच्या मागोमाग उथळात येतो. तिथे शिशाचं डोकं पहिल्याच फेकीला मुळांत अडकतं. अकरा-बारा सेंटिमीटरचा तरंगणारा मिनो ओढला की फूट-दोन फूट खाली जातो, सोडला की वर येतो. अडथळा जाणवला की थांबायचं, तो आपोआप सुटून वर तरंगतो. ही जात आली कुठून ते ठाऊक असावं. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ मध्ये बुचाचं लाकूड कोरून, त्यावर चॉकलेटचा वर्ख चढवून आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर देऊन पहिला मासा केला. मोठे मासे थव्यातल्या डगमगत पोहणाऱ्या जायबंदी माशालाच आधी उचलतात, हे त्याने तळ्यावर मासेमारी करताना पाहिलं होतं. त्याने त्या डगमगण्याची नक्कल केली. आज दुकानात शेकडो रंग लटकलेले असतात, पण विकत घ्यायची ती चाल. दुकानदाराला विचारून पाण्याच्या टाकीत किंवा बादलीत ती बघता आली तर उत्तमच.

चमचा वाऱ्यासाठी. वसईच्या खाडीमुखाशी किंवा उरणच्या खडकांवर समोरून वारा असतो तेव्हा रबरी मासा निम्म्यातच पडतो. २०-२५ ग्रॅमचा चमचा तिथे लांब जातो, टिकतो आणि खडकावर आपटला तरी बिघडत नाही. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

रेतीबंदरावरची जुनी आगरी-कोळी मंडळी दोरीला जिवंत कोळंबी लावून बसतात, आणि जिवंत कोळंबीची बरोबरी कुठलंही आमिष करत नाही हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पण डोंबिवलीच्या गळवाल्याला गाडीने जायचं असतं. कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई गाडी, नाहीतर दिव्याहून पेण-रोह्याची गाडी. त्या गर्दीत पाण्याने भरलेला डबा आणि त्यातल्या कोळंब्या सांभाळणं जमत नाही. तीन आमिषं, दोन-चार शिशाची डोकी आणि तुकड्यांत सुटणारी काठी पाठीवरच्या पिशवीत मावते, आणि गळ डबीत बंद असल्यामुळे शेजारच्या माणसाच्या शर्टात अडकत नाहीत. हौस आपली आहे, तिचा जाच डब्यातल्या इतरांना होता कामा नये.

पेणकडे जाणाऱ्यांनी खारेपाटातल्या उघाड्या बघून ठेवाव्यात. खारभूमीच्या बांधाला पाणी बाहेर सोडायला ठेवलेली ही दारं. सुकतीला आतलं पाणी त्यातून खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते, आणि जिताडा तोंडाशी उभा असतो. तिथे आमिष प्रवाहाच्या उलट ओढू नका. वरच्या अंगाला टाका आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्या, रिळ फक्त ढील आवरण्यापुरतं फिरवा. बांध शेतकऱ्यांचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय चढू नये. आपल्या रेतीबंदरावर वेगळी काळजी घ्यावी लागते. वर्षानुवर्षं रेती उपसल्यामुळे गुडघाभर पाण्याला लागून एकदम खोल खड्डे आहेत, म्हणून पाण्यात उतरायचंच नाही. आणि उल्हास-वालधुनी नद्यांच्या पाण्यात सांडपाणी आणि रसायनं किती येतात हे हरित लवादापर्यंत गेलेल्या प्रकरणांमुळे सगळ्यांना माहीत आहे. इथे लागलेला मासा मी सोडतो आणि इतरांनीही खाऊ नये असं मला मनापासून वाटतं. खाण्यासाठी गळ टाकायचा तर खाडीमुखाशी जावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे आपण ज्याच्यासोबत फोटो काढायला धडपडतो तो अंगाने मोठा मासा जवळजवळ नेहमी मादी असतो, आणि एका मोठ्या मादीच्या पोटात लाखोंनी अंडी असतात. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जाऊन अंडी सोडते आणि पिल्लं भरतीबरोबर वर तिवरांत आणि खाजणांत येऊन वाढतात. अशा चार माद्या उचलल्या तर त्या खाडीचं किती नुकसान होतं, याचा विचार करा. माझा स्वतःचा नियम असा, की ८० सेंटिमीटरच्या वरचा आणि ४० च्या खालचा मासा पाण्यात परत जातो. मधल्यातला एखादा घरी.

पण सोडलेला मासा जगला पाहिजे, आणि ते आमिषाच्या गळावर अवलंबून आहे. दुकानातून येणाऱ्या मिनोला दोन आणि चमच्याला एक तीनतोंडी गळ असतो. जिताडा आमिष आत ओढून घेतो तेव्हा ही सगळी टोकं कल्ल्यात आणि डोळ्यापाशी रुततात, आणि ती काढेपर्यंत मासा संपतो. तीनतोंडी गळ काढून त्या जागी जाड तारेचे एकेरी गळ लावा, त्यांच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने चेपा. आमिषाच्या पुढे चाळीस पौंडी नायलॉनचा दोन फूट लीडर हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, तिला घासून बारीक दोरी तुटते आणि मासा तोंडात आमिष घेऊन निघून जातो. त्याच कारणाने कल्ल्यात बोटं घालून त्याला उचलू नका. हात ओले करा, एका हाताने खालचा जबडा आणि दुसऱ्याने पोट धरा. गळ बदलायला छोट्या कड्या उघडणारी खास पक्कड मिळते. चौथ्या लुअरसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिच्यावर खर्च करा.