विश्लेषण : जुनी जिप्सी वाळवंटात न्यायची आहे? मग लिफ्ट किटआधी टायरमधली हवा बघा

थंडी सुरू झाली की जैसलमेरजवळच्या सम आणि खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारणाऱ्या गाड्यांचे रील्स फीडमध्ये दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या असतात. मारुती जिप्सी, महिंद्राची पहिली थार, कधी त्याहून जुनी एमएम५४०. उंच केलेली बॉडी, भलेमोठे टायर, छतावर कॅरिअर आणि त्यावर एलईडी दिव्यांची रांग, पुढे लोखंडी बुलबार. मुंबई-पुण्यातल्या सेकंडहँड बाजारातून अशी गाडी घ्यायची, तिच्यावर लाखभर रुपये घालायचे आणि राजस्थान गाठायचे, असा बेत आखणारे कमी नाहीत.

अडचण अशी की रीलमध्ये उठून दिसणाऱ्या यातल्या बहुतेक गोष्टी वाळूत उपयोगी पडत नाहीत. काही तर गाडी वाळूत अडकायला किंवा उलटायला मदत करतात. शिवाय त्यातल्या कित्येक कायद्यात बसत नाहीत.

वाळूत गाडी चालते कशावर?

मुख्यतः हवेवर, म्हणजे टायरमधल्या हवेवर. रस्त्यावर साधारण २८-३० पीएसआय हवा असलेला टायर मऊ वाळूत सुरीसारखा रुततो. तीच हवा १५ ते १८ पीएसआयवर आणली की टायर खाली चपटा होतो आणि वाळूवर टेकणारा त्याचा भाग लांब होतो. गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि ती वाळूवर तरंगल्यासारखी चालते. याला लागतो एक प्रेशर गेज आणि परतताना हवा भरायला बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून खर्च काही हजारांचा. मात्र हवा कमी असताना वेगात झटकन वळले तर टायर रिममधून निसटू शकतो. आणि डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा पुन्हा भरावीच लागते, नाहीतर टायर तापून फुटण्याची भीती.

जिप्सी वाळूत चांगली चालते याचे कारणही तिच्या ताकदीत नाही, वजनात आहे. १९८५ मध्ये आलेली ही गाडी एक टनाच्या आसपास भरते. तिच्या १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती. आजच्या एसयूव्हींच्या तुलनेत ही ताकद किरकोळ आहे, पण एवढ्या हलक्या गाडीला ती पुरते. तिच्यावर लोखंडी बंपर, विंच, कॅरिअर, दोन जेरी कॅन आणि तंबू चढवला की जी गोष्ट तिच्या बाजूने होती, तीच जाते. छतावरचे वजन तर सगळ्यात वाईट. टेकडीवरून तिरके उतरताना गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर, तितकी ती लवकर कलंडते. त्यात लिफ्ट किट घालून बॉडी आधीच उंच केलेली असेल तर विचारायलाच नको.

मोठ्या टायरचे गणित

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५ मापाचा. त्याची उंची साधारण २६ इंच. हौसेने बसवला जातो तो ३१ इंची, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास उंच. चाक मोठे झाले की ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. गिअरचे प्रमाण तेच राहिले तर छोटे इंजिन चढावर धापा टाकते, चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो आणि वाळूतल्या पहिल्याच दिवशी क्लच जळाल्याचा वास येतो. दुसरा परिणाम हायवेवर दिसतो. स्पीडोमीटर जुन्या चाकाच्या हिशेबानेच वेग दाखवतो. काट्यावर ६० असताना गाडी प्रत्यक्षात ७० च्या पुढे असते, आणि ब्रेक मात्र जुनेच.

टायर विकत घेताना मापापेक्षा वय बघणे जास्त गरजेचे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१७ असेल तर टायर २०१७ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, इतके जुने रबर कमी हवेत वाकवणे धोक्याचे.

जुन्या गाडीचे खरे दुखणे

ते रबरात आणि गंजात असते. मऊ वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये, जास्त आरपीएमवर आणि कमी वेगाने चालते. म्हणजे इंजिन तापते आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. उन्हाळ्यात तिकडे कोणी शहाणा माणूस टेकड्यांवर गाडी घालत नाही, पण हिवाळ्यातही गाळाने अर्धा बुजलेला रेडिएटर दम तोडतो. रेडिएटर साफ करणे, त्याचे झाकण, थर्मोस्टॅट, सगळे होज पाइप, फॅन बेल्ट, ब्रेकचे आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलणे, एअर फिल्टर नवा टाकणे. या कामांचा रील कोणी करत नाही, पण मुंबईहून हजाराहून अधिक किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी याच कामांवर परत येते.

कोकण किंवा मुंबईत वापरलेली गाडी असेल तर चासी खालून हातोडीने ठोकून बघावी. वाळूत गाडी रुतली की दुसऱ्या गाडीने ओढून काढावी लागते आणि तेव्हा हुकावर प्रचंड ताण येतो. हा हुक चासीला पक्का बोल्ट केलेला हवा. गंजलेल्या पत्र्यावरचा हुक उखडून येतो. ट्रेलर ओढायच्या गोल टो-बॉलला पट्टा अडकवणे तर त्याहून वाईट. तो तुटला की गोळीसारखा उडतो, आणि अशा अपघातांत ऑस्ट्रेलियात माणसे दगावली आहेत. एक फावडे, दोन रिकव्हरी बोर्ड आणि सोबत दुसरी गाडी एवढे असले की ओढाओढीची वेळ कमी येते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बुलबारबाबत केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. हे सगळे कागदावरच राहते असेही नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने मोठे टायर आणि हार्ड टॉप लावलेल्या एका थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. पहिलाच गुन्हा म्हणून त्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्यात आले.

जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली. बाजारातल्या बऱ्याच गाड्या १५ वर्षांच्या पुढे गेल्या आहेत किंवा जवळ आल्या आहेत. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी राहते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ते १० हजार करण्यात आले. पैसे भरूनही आरसीशी न जुळणारी गाडी नापास होऊ शकते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलांवर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारते, ते वेगळेच. टायरची हवा, नवे होज, फावडे आणि बोर्ड यांना मात्र आरटीओची परवानगी लागत नाही.

गाडी नेमकी कुठे घालायची?

हा प्रश्न रील्समध्ये सहसा येतच नाही. सम आणि खुरीच्या परिसरातच ३,१६२ चौरस किलोमीटरचे डेझर्ट नॅशनल पार्क पसरलेले आहे. तिथे परवानगीशिवाय गाडी घालणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. ज्या माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य झाले, त्याच माळढोकाचा हा शेवटचा मोठा आसरा. हा पक्षी घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते आणि ते मातीच्या रंगात मिसळून जाते. त्यामुळे जायच्या आधी जैसलमेरच्या वन विभागाच्या कार्यालयात हद्द विचारून घ्यावी. पाकिस्तान सीमेकडच्या आणि पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्राकडच्या वाटांनाही हेच लागू. स्थानिक कॅम्पवाल्यांना कोणत्या टेकड्यांवर गाडी चालते हे माहीत असते, पण "चालतं हो" हे त्यांचे उत्तर म्हणजे वन खात्याची परवानगी नव्हे.