गाडी डॉक्टरांची आहे!

जुनी मोटार विकणाऱ्या माणसाइतका विशेषणांचा धनी मराठी साहित्यात झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 'सिंगल हँड', 'मक्खन', 'शोरूम कंडिशन'! आणि या सगळ्यांवर मानाचा तुरा म्हणजे 'डॉक्टरांची गाडी'. अकोल्यात विकायला उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या जरी खरोखर डॉक्टरांच्या असत्या, तरी आमच्या जठारपेठेत पेशंटांपेक्षा डॉक्टर जास्त भरले असते. बरे, हा डॉक्टर तरी कसा? फक्त घर ते दवाखाना जाणारा. त्याला सासुरवाडी नाही, त्याला कधी शेगावला जावेसे वाटत नाही. गाडी सात वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर चालली. मीटरवर तसे लिहिलेलेच असते. मीटर बिचारे गरीब. ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या बाजूने साक्ष देते.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी फंडाच्या पैशातून अशीच एक डॉक्टरी गाडी घेतली. हौस म्हणून नव्हे. बाईंचे गुडघे गेलेले, ऑटोत चढताना जीव जातो, म्हणून. दुकानदाराने गाडीला हार घातला, नारळ फोडला, पेढा दिला. "काही टेन्शन घेऊ नका गुरुजी, घरचीच गाडी समजा!" तिसऱ्या आठवड्यात गिअर पडेनासे झाले. महिन्याभरात आतून कुबट वास येऊ लागला. मिस्तरीने सीटखाली हात घातला, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला आणि वर न बघताच म्हणाला, "गुरुजी, हे गाडी पोहून आली हाय." बेल्टाच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ होती. उजव्या दाराखाली चुंबक चिकटेना. तिथे पत्रा कमी आणि लांबी जास्त. खर्चाचा अंदाज पाऊण लाख.

मास्तर दुकानात गेले. उत्तर मिळाले, "जुन्या गाडीत येवढं चालतेच ना गुरुजी. तुम्ही पाह्यली होती नं?"

माझे भांडण या 'पाह्यली होती नं'शी आहे. आणि त्याहून अधिक, संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर जमून चहा पिता पिता "पाहून घ्यायला पाहिजे होती बाप्पा" म्हणणाऱ्या शहाण्यांशी. म्हणजे मास्तरांनी चाळीस वर्षे व्याकरण शिकवायचे सोडून खिशात चुंबक घेऊन हिंडायचे होते काय? चोराला मोकळे सोडून, कडी का लावली नाही म्हणून घरमालकाला झापायचे, ही आपली जुनी रीत.

याच वऱ्हाडात शेतकरी कापूस घेऊन सीसीआयच्या खरेदी केंद्रावर जातो. तिथे ओलावा मोजतात. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. तिथे एखाद्या शेतकऱ्याने म्हणून पाहावे, "साहेब, कापूस आहे, येवढं चालतेच!" बोंडाच्या ओलाव्याला यंत्र आणि मोटारीच्या ओलाव्याला पेढा! मोर्णेला पूर येतो हे काय अकोल्याला सांगायला हवे? २०२१ च्या जुलैतले पाणी लोक अजून विसरलेले नाहीत. बुडालेली गाडी वाळली, धुतली, पॉलिश मारले, की ती नवरीसारखी दिसते. वायरिंग सडायला पुढे सवड असते.

कायदाही या शहाण्यांच्या बाजूचा नाही. १९३० चा माल विक्री कायदा म्हणतो की माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल तक्रार चालत नाही. बरोबर आहे. पण जो दिसूच शकत नाही, त्याचे काय? त्याचा भार धंदा करणाऱ्याने उचलायचा. (वकील याला आणखी फाटे फोडतील, तो त्यांचा धर्म.) अर्थशास्त्रज्ञ अकेरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींवर एक निबंध लिहिला होता. गिऱ्हाइकाला चांगले-वाईट ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच बेताचा भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक वैतागून बाजारातून निघून जातो, आणि उरते भंगार. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्या मिस्तरीला हे केव्हापासूनच ठाऊक आहे, पण त्याला कोण देणार?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते, गाडी कुठे फिरवली त्याची नोंदवही ठेवावी लागते. छान. पण त्या वहीत गाडीचा प्रवास कळेल, पोटदुखी नाही. पैसे मोजताना 'गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली' अशा कागदावर गिऱ्हाइकाची सही मात्र न चुकता घेतात. अहो, मग ती स्थिती काय, ते वरच्या ओळीत लिहा की! अपघात झाला होता का, पाण्यात होती का, मीटर बदलले का. तीन प्रश्न, तीन उत्तरे, खाली दुकानाचा शिक्का. प्रामाणिक दुकानदाराला यात शाईशिवाय दुसरा खर्च नाही.

मास्तरांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, सोबत सीटबेल्टचा फोटो. परवा दुकानदाराचा निरोप आला, "मिटवून घेऊ गुरुजी, माझा पोरगा तुमच्याच हाताखाली शिकला."

मास्तरांनी उलट निरोप धाडला, "लेखी द्या."