दादाला हिरवा का केलास?

गेल्या वर्षी बाबांचा एक जुना फोटो स्कॅन केला. निगेटिव्ह कधीच हरवलेली, मूळ प्रतीचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. दोन रात्री बसून डाग काढले, घरच्याच प्रिंटरवर छापला आणि फ्रेम केला. ट्यूबलाइटखाली झकास दिसत होता. वर्षश्राद्धाला आत्या आली. तिने फ्रेम खिडकीपाशी नेऊन बघितली आणि म्हणाली, "अरे, दादाला हिरवा का केलास?"

हिरवाच होता हो!

झालं असं की माझ्या प्रिंटरात काळी शाई एकच. गालावरच्या, कपाळावरच्या फिकट करड्या छटा तो निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून बनवतो. तीन रंगांची ही तारेवरची कसरत एका दिव्याखाली जमते, दुसऱ्या उजेडात तोल जातो. छपाईवाले याला मेटामेरिझम म्हणतात. रंगीत फोटोत थोडा हिरवटपणा झाडात, साडीत खपून जातो. करड्या चेहऱ्यात त्याला लपायला जागाच नसते.

मग सगळे करतात तेच मी केलं. दुसऱ्या शाईच्या बाटल्या आणून भरल्या. या वेळी बाबा जांभळे झाले...

आता माझं ठाम मत झालंय की आधी शाईला हात लावू नये. कुठल्या शाईचे किती थेंब टाकायचे हे ड्रायव्हर ठरवतो आणि त्याचा हिशोब मूळ शाईवर बेतलेला असतो. तिखट बदललं आणि चमचा तोच ठेवला तर आमटीचं जे होतं, तेच इथे होतं. शिवाय आपल्या चुका असतातच. मी फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचं प्रोफाइल निवडलं होतं आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही चालूच ठेवली होती. म्हणजे एकच दुरुस्ती दोनदा! ड्रायव्हरमध्ये नुसती काळी शाई वापरायचाही पर्याय असतो. त्याने हिरवटपणा जातो, पण उजळ भागात ठिपके दिसायला लागतात. बाबांच्या कपाळावर मोहरी सांडल्यासारखी वाटली.

खरा उपाय म्हणजे काळ्याच्याच फिकट शाया असलेला प्रिंटर. एप्सनच्या आर २४०० मध्ये २००५ साली काळ्याच्या तीन पायऱ्या एकत्र आल्या आणि ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी वेगळी सोय आली. करडा रंग मुख्यतः काळ्यातूनच तयार होतो, रंगीत शाई फक्त छटा उबदार की थंड हे ठरवण्यापुरती. या शाया पिगमेंटच्या, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या. साध्या विरघळलेल्या डाय शाईपेक्षा त्या उजेडात सहसा जास्त टिकतात. फक्त चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक आणि मॅट कागदाला मॅट ब्लॅक एवढं पाळावं. उलट केलंत तर मॅटवर काळा राखेसारखा दिसतो, आणि चकचकीत कागदावर बोट लावलं की पुसला जातो.

याच्याही पुढे जाणारे लोक आहेत. रॉय हॅरिंग्टन यांचा क्वाडटोन रिप मूळ ड्रायव्हरला बाजूला सारून प्रत्येक शाई किती पडावी हे तुमच्या हातात देतो. जॉन कोन यांच्या पिएझोग्राफीत तर सगळी कार्ट्रिजं काळ्या-करड्या शाईचीच. हे करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण एका फोटोसाठी अख्खा प्रिंटर कृष्णधवलला वाहून टाकणं मला परवडणारं नाही.

शेवटी एका मित्राच्या पी ८०० वर, ड्रायव्हरच्या कृष्णधवल मोडमध्ये, मॅट कागदावर छापला. आत्याला दाखवण्याआधी स्वतःच खिडकीपाशी नेला, मग बल्बखाली, मग गॅलरीत. बाबा सगळीकडे बाबाच दिसले.

हिरवी प्रत टाकवली नाही. खिडकीच्या काचेला चिकटवली आहे, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून. दिवाळीला पुठ्ठा काढून बघणार आहे.