पानगळीनंतरची दोन झाडे

‘समयसार नाटक’कार कविवर बनारसीदास स्वाध्यायाच्या निमित्ताने अनेकांना परिचित आहेत, त्यांचे ‘अर्धकथानक’ मात्र आपल्या घरांत क्वचितच उघडले जाते. या श्रीमाळ व्यापाऱ्याने १६४१ मध्ये आग्र्यात, वयाच्या ५५ व्या वर्षी, आपली जीवनकथा ६७५ पद्यांत लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून त्यांनी तिला अर्धी कथा म्हटले. नाथूराम प्रेमींनी १९४३ मध्ये ती मुंबईहून संपादित करून प्रसिद्ध केली.

तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. हे दुःख सांगताना कवी स्वतःचा उल्लेख बहुधा ‘बनारसी’ असा नावानेच करतात. जणू शेजारच्या पेढीवरील कोणा गृहस्थाची हकीकत सांगावी. त्या अंतरामुळेच लेखणी थरथरत नाही.

प्रथम पत्नीच्या मृत्यूचा प्रसंग पाहावा. प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत माता आणि बालक दोघेही गेले, ही वार्ता पत्राने आली; आणि मृत पत्नीच्याच बहिणीशी सोयरीक ठरल्याची बातमीही त्याच पत्रात होती. आजच्या वाचकाला हे खटकते, आणि खटकावेच. कवी मात्र रूढीचे समर्थन करीत नाहीत, विलापही मांडीत नाहीत. ते फक्त लोहाराची सांडशी आठवतात: क्षणात अग्नीत, क्षणात पाण्यात. दोन वार्ता एकमेकींशेजारी ठेवल्या, एवढेच त्यांचे कौशल्य. मधली पोकळी वाचकाने भरायची.

याउलट व्यापारातील फजिती ते ऐसपैस, हसत सांगतात. आग्र्यात सर्व गमावल्यावर कचोऱ्या उधारीवर खाणे, आपण कफल्लक आहोत हे एके दिवशी हलवायाला सांगून टाकणे, तरीही त्याने खाते बंद न करणे, हे सारे रंगून येते. आणि नऊ अपत्यांचा हिशेब? तो मोजक्या ओळींत आटोपतो. पानगळीनंतर उभ्या राहिलेल्या निष्पर्ण वृक्षांसारखे पती-पत्नी तेवढे उरले, एवढेच ते म्हणतात. बोलका माणूस एकाएकी थांबला की त्या थांबण्याचा भार जाणवतो. कचोरीची कथा आधी एवढी लांबली नसती, तर या मोजक्या ओळी इतक्या जड झाल्या नसत्या.

घराण्याचे इतिहास आपल्याकडेही छापले जातात. त्यांत पेढीची स्थापना, संघयात्रा, दानाच्या पावत्या असतात. दिवाळे, अकाली गेलेली सून, पाळण्यातच विझलेले मूल यांना पान मिळत नाही. बनारसीदासांनी मात्र शेवटी आपल्या गुणांची यादी दिली, आणि तिच्यालगत दोषांचीही: लोभ सुटत नाही, अकारण भय वाटते, एकांतात कधी कधी नाचतो.