स्पष्टवक्त्याचे घर

मे २०२० ची अखेर. आपल्याकडे टाळेबंदी होती आणि दूरचित्रवाणीसमोर बसण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मृत्यू झाल्याला चारच दिवस झाले होते आणि शहरांमागून शहरे पेटत होती. अटलांटात सीएनएन वाहिनीच्या मुख्यालयाच्या काचा जमावाने फोडल्या होत्या. त्या रात्री, २९ मे रोजी, महापौर किशा लान्स बॉटम्स यांनी पत्रकार परिषद बोलावली आणि त्यांच्यानंतर एक धिप्पाड माणूस बोलायला पुढे आला. आवाज दाटलेला, डोळ्यांत पाणी. आपल्याला इथे यायचे नव्हते, असे त्याने आधीच सांगून टाकले. आपला बाप याच शहरात पोलीस होता हेही सांगितले. आणि मग म्हणाला की, शत्रूवरच्या रागापायी स्वतःचे घर जाळू नका. घर मजबूत करा, म्हणजे लढाईच्या वेळी आसरा उरेल. नंतर योजना आखा, संघटना बांधा, मते द्या आणि ज्यांनी न्याय नाकारला त्यांना खाली खेचा.

एवढे शहाणपणाचे बोलणाऱ्या या गृहस्थाच्या अंगातल्या टी-शर्टवर मात्र ‘आपल्या मालकांना ठार करा’ अशा अर्थाचे शब्द छापलेले होते.

‘‘हा कोणता पुढारी रे?’’ मी भाच्याला विचारले. टाळेबंदीत तो आमच्याकडेच अडकून पडला होता. तो हसला. म्हणाला, ‘‘मामा, पुढारी कुठला? रॅपर आहे तो. किलर माइक.’’

मी नाट्यसंगीत आणि शाहिरी ऐकत वाढलेला माणूस. रॅप म्हणजे ठेक्यावर केलेली बडबड, तीही शिवराळ, असे माझे पक्के मत होते आणि ते मी चारचौघांत मांडतही असे. त्या रात्री मात्र टी-शर्टवरचे शब्द आणि माणसाच्या तोंडचे शब्द यांचा मेळ लागेना. तो लावण्याच्या नादात पुढची काही वर्षे मी या माणसाचा माग काढत राहिलो. आज लिहितो आहे ते त्यातूनच.

त्याचे खरे नाव मायकेल रेंडर. जन्म १९७५, अटलांटा. अटलांटा हे जॉर्जिया राज्याचे शहर, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले. ही दक्षिण म्हणजे गुलामांच्या घामावर पिकलेल्या कापसाची दक्षिण आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचीही दक्षिण. आई अगदी कोवळ्या वयाची असल्याने मायकेलला आजी-आजोबांनी वाढवले. शाळेला नाव फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या महान वक्त्याचे. पुढे ज्या मोअरहाऊस कॉलेजात किंग शिकले तिथेच याने प्रवेश घेतला, पण शिक्षण अर्धवट सोडले. ‘किलर’ हे नाव पडले ते शब्दांच्या जुगलबंदीत समोरच्याला गारद करतो म्हणून.

त्या काळी हिप हॉपच्या दुनियेत दक्षिणेला कोणी विचारत नसे. ही कला न्यूयॉर्कची, फार तर कॅलिफोर्नियाची. दक्षिणेकडचे म्हणजे गावंढळ उच्चारांचे, अशी समजूत होती. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या जोडीला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. जोडीतला आंद्रे त्या गोंगाटात एवढेच म्हणाला की, दक्षिणेलाही काही सांगायचे आहे. पुण्या-मुंबईच्या संमेलनांत वऱ्हाडी-मराठवाडी लेखकाच्या बोलीला हसणारे आपल्याकडे कमी नव्हते. त्यामुळे हा प्रसंग समजायला मला अडचण पडली नाही. याच आउटकास्टने मायकेलला हात दिला. २००० सालच्या ‘स्टँकोनिया’ या अल्बमवर त्याचा आवाज प्रथम घरोघर पोचला आणि २००३ मध्ये त्यांच्याबरोबरच्या गाण्यासाठी त्याला ग्रॅमी मिळाले.

मग व्हायचे ते झाले. पहिला स्वतंत्र अल्बम निघाला, पुढचे काम कंपनीच्या कारभारात रखडले, आणि बडी कंपनी सोडून त्याने स्वतःच्या बळावर ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. गायकाचा भर ओसरतो त्या वयात त्याची गाठ न्यूयॉर्कच्या एल-पी या गोऱ्या संगीतकाराशी पडली आणि २०१२ साली त्यांचा अल्बम निघाला. त्या अल्बममध्ये ‘रेगन’ नावाचे गाणे आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या युद्धाच्या नावाखाली कृष्णवर्णीय वस्त्यांतील पोरे तुरुंगात कशी कोंबली गेली याचा त्यात पाढा आहे. रेगन यांच्यावर तुटून पडणे डाव्या मंडळींत नवे नाही. पण हा गाणारा तिथे थांबत नाही. त्याच्या मते रेगन काय, बुश काय, क्लिंटन काय, सगळे खऱ्या धन्यांचे नोकर. आणि त्या यादीत तो ओबामांनाही बसवतो. ओबामा दुसऱ्यांदा निवडणूक लढवत होते ते हे वर्ष. आपल्याच माणसांच्या दैवताबद्दल भर उत्सवात असे बोलायला काय लागते, हे महाराष्ट्रात सांगायला नको. पुढच्या वर्षी या दोघांनी ‘रन द ज्युवेल्स’ नावाने गाणी काढली, चक्क फुकट वाटली आणि जगभर नाव केले.

इथून त्याच्या बोलण्याला व्यासपीठ मिळाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये फर्ग्युसनच्या मायकेल ब्राउन प्रकरणात पोलिसावर खटला भरायचा नाही असा निर्णय आला. त्या रात्री हा जवळच, सेंट लुइस शहरात, कार्यक्रमाला उभा होता. गाण्याआधी तो बोलला ते पुढारी म्हणून नव्हे, मुलांचा बाप म्हणून, आणि बोलता बोलता त्याचा गळा भरून आला. पुढच्या वर्षी मिसिसिपीतल्या एका शाळकरी मुलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. प्रशिक्षक मुलींशी गैर वागतात असा आरोप करणारे रॅप त्याने शाळेबाहेर रचले, म्हणून शाळेने त्याला निलंबित केले होते. किलर माइक, काही सहकारी कलावंत आणि अभ्यासक यांनी न्यायालयापुढे निवेदन ठेवले की, रॅपमधली हिंसक भाषा ही त्या काव्याची रीत आहे, ती शब्दशः धमकी समजू नये. न्यायालयाने २०१६ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. पण मुद्दा मला पटला. पोवाड्यात अफझलखानाचा कोथळा काढणाऱ्या शाहिरावर आपण कधी खुनाचा गुन्हा नोंदवतो का? टी-शर्टचे कोडे मला इथे थोडेसे सुटले.

त्याची बैठक कुठली, तर केशकर्तनालय. अटलांटात त्याने आणि पत्नीने स्वतःचे सलून काढले. आपल्याकडे गावातल्या सलूनमध्ये वर्तमानपत्राची घडी मोडण्याआधी सरकारे पडतात, तसेच तिकडे कृष्णवर्णीयांच्या सलूनचे आहे. फरक एवढा की, दुसऱ्याच्या परवानगीवाचून बसता-बोलता येईल अशा मालकीच्या जागाच त्यांना फार थोड्या लाभल्या. २०१५ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले बर्नी सँडर्स या सलूनमध्ये येऊन त्याच्याशी बोलत बसले होते. हा त्यांचा उघड पाठीराखा होता, आणि कृष्णवर्णीय पुढाऱ्यांपैकी बहुतेक हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला असताना होता. जुलै २०१६ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आणखी दोघे कृष्णवर्णीय मारले गेले, तेव्हा त्याने लोकांना मोर्चाऐवजी दुसरा कार्यक्रम दिला: आपले पैसे आपल्या माणसांच्या बँकेत ठेवा. अटलांटाच्या १९२१ साली स्थापन झालेल्या सिटिझन्स ट्रस्ट बँकेत हजारो लोकांनी खाती उघडली.

इथवर सगळे गोड आहे. स्पष्टवक्ता आपल्या मनातले बोलतो तोवर तो आपल्याला आवडतोच. खरी परीक्षा पुढे आहे.

मार्च २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या शाळेतील हत्याकांडानंतर लाखो विद्यार्थी बंदुकांवर निर्बंध मागत रस्त्यावर उतरले. नेमक्या त्याच दिवसांत बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेच्या वाहिनीवर किलर माइकची मुलाखत झळकली. कृष्णवर्णीयांनी बंदूक बाळगलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. गहजब उडाला. त्याने वेळेबद्दल मुलांची जाहीर माफी मागितली, मुलाखत त्यांच्याविरुद्ध वापरली गेली असे सांगितले. मत मात्र बदलले नाही. मला ते मत मान्य नाही. पण ते कुठून येते हे दक्षिणेचा इतिहास वाचल्यावर कळते. १९६४ मध्ये लुइझियानात क्लॅनच्या टोळ्यांपासून वस्ती वाचवायला कृष्णवर्णीय कामगारांनी सशस्त्र पहारा उभारला होता, कारण पोलीस येणार नाहीत याची त्यांना खात्री होती. ज्याचा बाप पोलीस आहे, त्यालाही ती खात्री सोडवत नाही.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये तो जॉर्जियाचे रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प यांना भेटला. कृष्णवर्णीयांच्या मतदानात अडथळे आणल्याचा आरोप ज्यांच्यावर होता, तेच हे केम्प. तरुण चाहत्यांनी त्याला फितूर ठरवले. त्याचे म्हणणे असे की, राज्य ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे आपल्या लोकांचे काम घेऊन जायचे नाही तर कुणाकडे? हा युक्तिवाद आपल्या कानांना नवा नाही. त्याने किती जण सत्तेच्या दिवाणखान्यात जाऊन तिथेच स्थिरावले, हेही आपण पाहिले आहे.

म्हणूनच मला इथे नामदेव ढसाळ आठवले. हा धागा मी ओढूनताणून आणत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्या डू बॉइस यांना पत्र लिहिले, त्यांनी आपल्या उमेदीची कितीतरी वर्षे अटलांटाच्याच विद्यापीठात अध्यापन केले होते. १९७२ मध्ये ढसाळ आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘दलित पँथर’ काढली, तेव्हा नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरचे. ढसाळांच्या भाषेलाही शिवराळ म्हणणारे होते. ढसाळांनी आणीबाणीची पाठराखण केली, पुढे शिवसेनेशी जवळीक केली, ‘सामना’त लिहिले, आणि कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या त्या निर्णयांवर टीका व्हायलाच हवी होती, मीही केली. पण टीका करताना आपण कवितेचाही हिशेब त्याच वहीत मांडला, ही चूक मला उशिरा उमगली.

आपल्याला स्पष्टवक्ता हवा असतो, पण तो आपल्या बाजूचा. दुसऱ्याला फटकारतो तोवर त्याचे बाणेदारपण. आपल्याला फटकारले की तो विकला गेला. अशा समाजात कलावंतापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे गप्प बसणे आणि सत्कार स्वीकारणे. दुसरी, कोणत्या तरी कळपाची भाषा बोलणे. आपले बहुतेक नामवंत गायक-नट पहिल्या वाटेने गेले आहेत, हे कोणत्याही निवडणुकीच्या हंगामात दिसते.

किलर माइकला मी आदर्श मानत नाही. बँकेत खाती उघडून शतकांची विषमता मिटत नाही; सावकारी आपल्या माणसाची असली म्हणून व्याज चुकत नाही. स्त्रियांविषयीच्या त्याच्या काही ओळी मला आजही ऐकवत नाहीत. तरीही एक गोष्ट त्याच्याकडून शिकण्यासारखी आहे. तो बोलतो ते जिथे वाढला त्या शहरात उभा राहून. दुसऱ्या दिवशी ज्याला सलून उघडायचे आहे, त्याला त्याच खुर्चीत बसणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यावे लागते. मत चुकले तर तोंडावर ऐकावे लागते आणि प्रसंगी माफी मागावी लागते. स्पष्टवक्तेपणाची किंमत ती हीच. ती न देता बोलणारे आज घरोघर झाले आहेत.

२०२३ मध्ये त्याने नवा अल्बम काढला आणि त्याला स्वतःचे खरे नाव दिले: ‘मायकेल’. त्यात गेलेली आई आहे, आजी आहे, चुका आहेत. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी, पहिल्या ग्रॅमीनंतर एकवीस वर्षांनी, त्याला एका दिवसात तीन ग्रॅमी मिळाले. आणि काही तासांतच तिथल्या सुरक्षारक्षकाशी झालेल्या झटापटीवरून पोलिसांनी त्याला बेड्या घालून नेले. पुढे समाजसेवेची अट पूर्ण केल्यावर खटला काही झाला नाही. ते दृश्य भाच्यानेच मला फोनवर पाठवले. सोबत एकच ओळ होती: ‘मामा, आता तरी ऐकलीत का त्याची गाणी?’

ऐकली. सगळी आवडली नाहीत. पण चारचौघांत रॅपला बडबड म्हणणे मात्र मी सोडले आहे.